निर्वासिताची जात : वळिवडे ते मरिचझांपी

"निर्वासितांचा प्रश्न आपला कसा?" आमच्या अभ्यासवर्गात मध्यंतरी एका तरुण कार्यकर्त्याने हा प्रश्न विचारला. त्याचे म्हणणे वरवर रास्तच होते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहांत जागा नाहीत, अत्याचाराच्या खटल्यांत आरोपी सुटतात. आपलेच प्रश्न डोंगराएवढे असताना, दुसऱ्या देशातून आलेल्या कुटुंबांच्या पोराबाळांची काळजी आपण का वाहायची?

त्या तरुणाला आम्ही दोष देत नाही. आपल्याला इतिहास जसा शिकवला गेला, त्यातून हाच प्रश्न निघणार. शाळेच्या पुस्तकात फाळणी असते, निर्वासितांचे लोंढे असतात, पण त्या लोंढ्यांत दलित कुठे होते हे नसते. जणू फाळणी झाली ती फक्त सवर्ण हिंदू, मुसलमान आणि शीख यांची. आणि निर्वासितांना आपल्या देशाने किती मायेने वागवले, त्याच्या गोष्टी असतात. ती माया कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही, हे नसते. म्हणून या लेखात आम्ही दोन ठिकाणांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवणार आहोत. एक ठिकाण आपल्या कोल्हापुरातले आहे, दुसरे बंगालच्या सुंदरबनातले. वाचकांनी दोन्हींची तुलना स्वतः करावी आणि मग ठरवावे की हा प्रश्न आपला आहे की नाही.

वळिवड्याची पोलिश मुले

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ ते १९४८ या काळात, तेथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. हे लोक इतक्या दूर आले कसे? १९३९ मध्ये पोलंडचे लचके एका बाजूने हिटलरने आणि दुसऱ्या बाजूने स्टालिनने तोडले. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला तेव्हा राजकारण फिरले, पोलिश कैद्यांना सोडण्यात आले आणि १९४२ मध्ये त्यांच्यातील हजारो लोक इराणमार्गे बाहेर पडले. वाटेत उपासमार आणि तापाने माणसे मेली. अनेक मुले अनाथ झाली. त्यांतली काही मुले नवानगर संस्थानात, जामनगरजवळच्या बालाचडी येथे आली. तेथील जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी आपल्या राजवाड्याजवळ त्यांची सोय केली. मोठी छावणी मात्र वळिवड्याला झाली.

त्या छावणीत काय होते, याकडे आम्ही वाचकांचे खास लक्ष वेधतो. कुटुंबाला बराकीत स्वतःची खोली होती आणि स्वतःची चूल होती. दवाखाना होता. प्रार्थनेसाठी चर्च होते. बालवाडी होती, प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळाही होती. शिकवणे पोलिश भाषेत चाले आणि शिकवणारे शिक्षक बहुतेक निर्वासितांमधलेच होते. बालवीर पथके होती, नाटके होत, सण होत. छावणीचा कारभार पोलिश लोकच पाहत. प्रकृती खालावलेल्यांसाठी पाचगणीला वेगळी सोय होती. युद्ध संपल्यावर मायदेशात सोव्हिएत दबावाखालची राजवट आली, तेव्हा यांतले अनेक जण पोलंडला परतले नाहीत. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत गेले. पण वळिवड्यात शिकलेली मुले तेथे कोऱ्या हातांनी गेली नाहीत. त्यांच्यापाशी शिक्षण होते, भाषा होती आणि आपण कोण आहोत याचे भान होते. म्हाताऱ्या वयात ही माणसे कोल्हापूर पाहायला पुन्हा पुन्हा आली. महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. पोलंडच्या राजधानीतही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि जामसाहेबांच्या नावाने तेथे चौक आहे.

आज नेते मंडळी या इतिहासाचा उल्लेख "भारतीय करुणे"चा दाखला म्हणून करतात. कोल्हापूरच्या माणसांनी माणुसकी दाखवली यात शंका नाही, आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. पण वळिवडे केवळ करुणेवर चालले नाही. त्याचा खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारच्या खात्यातून होत होता, त्यामागे ब्रिटिश सरकार उभे होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेने भार उचलला. म्हणजे या मुलांच्या पाठीशी पैसा होता, कारभार होता, आणि 'ही आमची मुले आहेत' असे जगाला सांगणारे एक सरकार होते. दया कोणाला येईल आणि कोणाला येणार नाही याचा भरवसा नसतो. व्यवस्था उभी राहिली की ती रोज सकाळी शाळेची घंटा वाजवते.

शाहू महाराजांनी हे आधीच सांगितले होते

कोल्हापूरला हे तत्त्व नवीन नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून आपल्या नगरीत वसतिगृहे उभी केली. मराठ्यांसाठी, जैनांसाठी, मुसलमानांसाठी, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. खेड्यातून शहरात येणारा महार-मांगाचा मुलगा हा त्या शहरात निर्वासितच होता. त्याला कोणी भाड्याने खोली देत नव्हते, खाणावळीत ताट मिळत नव्हते. महाराजांनी ओळखले होते की नुसते "या, शिका" म्हणून भागत नाही. डोक्यावर छप्पर, पोटाला अन्न, वर्गात इतरांच्या शेजारी जागा आणि पाठीशी हुकूम, एवढे सगळे एकत्र आले तरच मूल शिकते.

बाबासाहेबांनी हे स्वतः भोगले. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत खोटे नाव सांगून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. या आणि अशा अनुभवांच्या टिपणांना पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे नाव मिळाले. स्वतःच्याच देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस! निर्वासितपणाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला माहीत नाही.

छावणीच्या दारावर जात

आता १९४७ मध्ये येऊ. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांचे काय झाले? सिंधमधून सवर्ण हिंदू निघाले, तेव्हा कराचीत सफाईचे काम करणाऱ्या अस्पृश्यांना मात्र अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली रोखून धरण्यात आले. भारताचे कराचीतील उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी हा विषय पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे काढला, तेव्हा हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. ज्याच्या हातातला झाडू हवा आहे, पण ज्याचे माणूसपण कोणाच्या हिशेबात नाही, अशा माणसाला पळून जाण्याचाही हक्क नव्हता.

बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र भारताचे कायदामंत्री होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पाकिस्तानातील अस्पृश्य बांधवांना जमेल त्या मार्गाने भारतात या, असे जाहीर आवाहन केले. डिसेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. त्या पत्रातली एक तक्रार प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. पूर्व पंजाबात आलेले अस्पृश्य निर्वासित सरकारी छावण्यांत राहत नव्हते, कारण छावणीचे अधिकारी सवर्ण निर्वासित आणि अस्पृश्य निर्वासित यांच्यात भेदभाव करत होते. आणि नियम असा की रेशन, कपडे वगैरे मदत फक्त छावणीत राहणाऱ्यांनाच. म्हणजे छावणीत राहू द्यायचे नाही, आणि छावणीत नाही म्हणून मदतही द्यायची नाही. पंजाबातली लाखो माणसे घरदार गमावून एकाच रस्त्यावर आली होती. सगळ्यांचे सामान लुटले गेले होते. पण जात मात्र कोणाचीच लुटली गेली नव्हती. ती प्रत्येकाने सीमेपलीकडून सोबत आणली होती.

याच काळात वळिवड्यातल्या पोलिश बराकी रिकाम्या झाल्या आणि तेथे सिंधी निर्वासित आले. आज ती वसाहत गांधीनगर म्हणून ओळखली जाते; कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ती महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. सिंधी बांधवांनी कष्टाने बाजारपेठ उभी केली, त्यांचे यश आम्ही नाकारत नाही. पण पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी सरकारने मागे सोडलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा रस्ता ठेवला होता. १९५४ मध्ये तसा कायदाच झाला. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे पूर्व बंगालमधून आलेल्यांना तो रस्ता बंद होता. १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने असे गृहीत धरले की पूर्वेचे निर्वासित एक दिवस परत जातील. जे परत जाणार, त्यांना भरपाई कशाला? आणि पूर्वेकडून १९५० नंतर येणाऱ्या लोंढ्यांत सर्वांत मोठा वाटा कोणाचा होता? नमशूद्र आणि इतर अस्पृश्य शेतकऱ्यांचा.

ज्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले

नमशूद्र हे नाव महाराष्ट्रातल्या किती तरुणांनी ऐकले आहे? पूर्व बंगालच्या पाणथळ प्रदेशात भातशेती आणि मासेमारी करणारा हा समाज. सवर्ण त्यांना 'चांडाळ' म्हणत. हरिचंद ठाकूर यांनी या समाजात मतुआ पंथ उभा केला आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांनी ओराकांदी येथून शाळांची चळवळ चालवली. आपल्याकडे जोतीराव-सावित्रीमाईंनी जे केले, त्याच जातीचे हे काम. त्या समाजाच्या लढ्यामुळे १९११ च्या जनगणनेत 'चांडाळ' हे नाव जाऊन 'नमशूद्र' हे नाव लागले.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याची वाट बंद करण्यात आली, तेव्हा त्यांना निवडून दिले ते बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केला. फाळणी झाली आणि बाबासाहेबांची ती जागा गेली. पुढे ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. दलित आणि मुसलमान शेतकरी एकत्र नांदू शकतील ही त्यांची आशा होती. ती आशा पूर्व बंगालमधल्या अत्याचारांनी धुळीला मिळवली. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, ते भारतात आले आणि उरलेले आयुष्य बंगालमधल्या निर्वासितांच्या प्रश्नांत घालवले.

ज्या समाजाने संविधानाच्या शिल्पकाराला संविधान सभेचे दार उघडून दिले, तो समाज त्याच संविधानाच्या देशात निर्वासित म्हणून आला. त्याचे स्वागत कसे झाले?

आधी आलेल्या सवर्ण, शिकलेल्या बंगाली निर्वासितांनी कलकत्त्याभोवती मोकळ्या जमिनी ताब्यात घेऊन वसाहती वसवल्या. त्यांच्यात वकील होते, शिक्षक होते, पुढारी होते, शहरात नातेवाईक होते. पुढे त्या वसाहती नियमित झाल्या. नमशूद्रांकडे यातले काहीच नव्हते. ते सरकारी छावण्यांत गेले. तेथे तंबू, थोडा भत्ता आणि अनिश्चित वाट पाहणे. मग १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. ओडिशातील कोरापुट, कलाहंडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तर येथे या लोकांना पाठवण्याचे ठरले. ज्यांनी जायला नकार दिला त्यांचा भत्ता बंद. पाण्यात जन्मलेल्या, होडी आणि भातशेती जाणणाऱ्या माणसांना खडकाळ, कोरड्या पठारावर नेऊन सोडले. प्रकल्पाचे अध्यक्ष राहिलेले सैबाल कुमार गुप्ता यांनीच १९६५ मध्ये जमिनीचा कस, सिंचनाचा अभाव आणि कारभाराच्या उणिवा जाहीरपणे मांडल्या. शिवाय ती जमीन ओसाड नव्हती. ती आदिवासींची होती. निर्वासित दलिताला आदिवासीच्या जंगलात बसवायचे आणि दोघांना एकमेकांकडे संशयाने बघायला लावायचे, असा हा प्रकार. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातही १९६० च्या दशकात बंगाली निर्वासितांची गावे वसवली गेली. मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत ती आजही आहेत.

या छावण्यांतल्या मुलांचे काय झाले? एक उदाहरण पुरे आहे. मनोरंजन ब्यापारी लहानपणी बरिसालकडून आईवडिलांसोबत आले आणि बांकुरा जिल्ह्यातल्या शिरोमणिपूर छावणीत वाढले. त्यांना शाळा मिळाली नाही. गुरे राखणे, चहाच्या टपरीवर काम, हमाली असे करत ते मोठे झाले. अक्षरओळख झाली ती तरुणपणी, तुरुंगात. पुढे कलकत्त्यात रिक्षा ओढताना महाश्वेतादेवी त्यांच्या रिक्षात बसल्या आणि त्यांच्या नियतकालिकात या रिक्षावाल्याचे पहिले लेखन छापून आले. आज ते बंगालीतले मोठे दलित लेखक आहेत, २०२१ मध्ये आमदारही झाले. लोक ही कहाणी जिद्दीची म्हणून सांगतात. आम्ही ती आरोपपत्र म्हणून वाचतो. वळिवड्याच्या मुलाला छावणीत बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत शाळा मिळाली. शिरोमणिपूरच्या मुलाला पाटी मिळाली ती तुरुंगात. एक ब्यापारी लेखक झाले. त्यांच्यासारखी किती मुले टपरीवरच संपली, त्यांचे नाव कोण लिहिणार?

मरिचझांपी

विरोधी पक्षात असताना बंगालमधले डावे पक्ष सांगत होते की निर्वासितांना बंगालबाहेर पाठवू नका. १९७७ मध्ये ते सत्तेवर आले. दंडकारण्यातल्या निर्वासितांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. १९७८ मध्ये लाखाच्या घरात माणसे भांडीकुंडी विकून बंगालकडे निघाली. सरकारने बहुतेकांना अडवून परत पाठवले. सुमारे ३० हजार लोक मात्र सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर पोहोचले.

तेथे त्यांनी सरकारकडून एक पैसा न घेता काय उभे केले ते पाहा. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध घातले. मासळीची शेती केली. होड्या बांधण्याचा आणि विड्या वळण्याचा उद्योग काढला. बेकरी काढली. दवाखाना उभारला. आणि शाळा बांधली. होय, शाळा! वीस-पंचवीस वर्षे छावणीतून छावणीत फेकलेल्या माणसांनी जमिनीवर पाय टेकताच मुलांसाठी शाळा बांधली. गुरुचंद ठाकुरांची शिकवण त्यांच्या हाडात होती. वळिवड्यात जे एका सरकारच्या पैशाने झाले, ते मरिचझांपीत भुकेल्या माणसांच्या हातांनी होत होते.

सरकारने सांगितले, हे राखीव जंगल आहे, येथे राहता येणार नाही. जानेवारी १९७९ मध्ये जमावबंदी लागू झाली. पोलिसांच्या लाँचनी बेटाला वेढा घातला. अन्न, औषधे, पिण्याचे पाणी तोडले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाने अन्न-पाणी रोखू नका असे सांगितले, तरी हाल संपले नाहीत. मुले उपासमारीने आणि दूषित पाण्याने दगावली. मे महिन्याच्या मध्याला झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. किती माणसे मेली? सरकारचा आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका आहे; वाचलेल्यांची मोजणी शेकड्यांत आणि हजारांत जाते. हा वाद मिटवणारी चौकशी आजवर कोणत्याही पक्षाच्या सरकारने पूर्ण केलेली नाही.

आता आमच्या चळवळीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ते वर्ष आठवा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. हजारो बांधव घरदार सोडून परागंदा झाले, आपल्याच जिल्ह्यात निर्वासित झाले. त्यानंतर वर्षाच्या आत मरिचझांपीच्या झोपड्या जळाल्या. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांची घरे इकडे जळत होती, बाबासाहेबांना निवडून देणाऱ्यांची घरे तिकडे जळत होती. पण या दोन आगींना जोडणारा धागा आपण विणला नाही. नामांतराच्या शहिदांना आपण दरवर्षी अभिवादन करतो, करायलाच हवे. मरिचझांपीच्या मुलांचे नाव मात्र आपल्या जयंतीच्या भाषणात येत नाही.

"पण देश गरीब होता"

या तुलनेवर आक्षेप येतील, त्यांना उत्तर देऊ. पहिला आक्षेप असा की पोलिश लोक मोजके होते, तात्पुरते होते आणि त्यांचा खर्च दुसऱ्याने केला. बंगालचे निर्वासित लाखोंनी होते आणि देश गरीब होता. यात तथ्य आहे आणि आम्ही ते लपवत नाही. संख्या प्रचंड होती, पश्चिम बंगालवर ताण होता. पण याच गरीब देशाने १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांसाठी १९६१ मध्ये खास शाळा मंडळ स्थापन केले, त्यांना एकत्र वसाहती दिल्या, त्यांची भाषा आणि धर्म जपू दिला. अशी एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. ते योग्यच झाले. तिबेटी बांधव बुद्धाचे अनुयायी आहेत, त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. मुद्दा इतकाच की निर्वासित मुलांना कसे उभे करायचे हे या देशाला माहीत होते. ज्ञान नव्हते म्हणून नमशूद्रांची मुले मागे राहिली, असे कोणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप जंगलाचा आणि वाघांचा. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण जंगल वाचवण्यासाठी लहान मुलांचे पिण्याचे पाणी तोडावे लागते, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आणि दंडकारण्यात याच माणसांना वसवण्यासाठी जंगल तोडताना ही काळजी कुठे होती?

आज आपण काय करायचे

हा इतिहास संपलेला नाही. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. त्यामुळे पश्चिम बंगाल आणि ओडिशात अनुसूचित जातीत असलेला नमशूद्र महाराष्ट्रात किंवा छत्तीसगडमध्ये त्या यादीत नाही. सरकारनेच ज्याला उचलून गडचिरोलीत आणून बसवले, त्याच्या नातवाला आज तेच सरकार सांगते की तुझी जात आमच्या यादीत नाही. अस्पृश्यता भोगताना यादी लागली नाही. शिष्यवृत्ती मागताना मात्र यादी पुढे येते. त्यातच २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीने 'अवैध स्थलांतरित' आईबापांच्या भारतात जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाची वाट अडवली, आणि त्याविरुद्ध पहिला मोठा आवाज मतुआ-नमशूद्रांनीच उठवला.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. पण आपल्यापाशी संविधान आहे. अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. अनुच्छेद २१-क सहा ते चौदा वर्षांच्या 'सर्व' बालकांना शिक्षणाचा हक्क देतो. १९६० च्या दशकात कप्ताई धरणाने जमिनी बुडालेले चकमा बांधव, जे बहुसंख्येने बौद्ध आहेत, अरुणाचलमध्ये वसवले गेले. पुढे त्यांना हुसकावण्याच्या धमक्या आल्या तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक व्यक्तीच्या जिवाचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. हा आधार प्रत्येक निर्वासित मुलाला आहे, मग तो नमशूद्र असो, चकमा असो, श्रीलंकेचा तमिळ असो की रोहिंग्या मुसलमान. समता माणसे निवडून द्यायची नसते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे. आपल्या भागातल्या वस्तीत बाहेरून आलेले कुटुंब दिसले, तर त्याचा देश आणि कागद विचारण्याआधी त्याचे मूल शाळेत जाते का ते विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुसार वर्गात बसवणे आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी खास वर्ग देणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना हा कायदा दाखवा, सोबत जा. मुलाला मराठी येत नसेल तर संध्याकाळी आपल्या बुद्धविहारात त्याला मराठी शिकवा, आणि त्याची मातृभाषा हसण्याचा विषय होऊ देऊ नका. गडचिरोलीतल्या नमशूद्र बांधवांची अनुसूचित जातीची मागणी ही आपल्या ताटातला घास कमी करणारी नाही. वाटा वाढवून मागण्याच्या लढ्यातले ते आपले सोबती आहेत. आणि हे करताना तेथील आदिवासींचा जमिनीवरचा आणि जंगलावरचा हक्क पहिला आहे हे विसरू नका. दोन दुबळ्यांना झुंजवून तिसऱ्याने राज्य करावे, हा डाव आपण ओळखतो.

अभ्यासवर्गातल्या त्या तरुणाला आम्ही एवढेच म्हणालो : बाबा, तुझा पणजोबा गावकुसाबाहेर राहत होता. गावात त्याला जागा नव्हती, विहिरीवर पाणी नव्हते, शाळेत तो वर्गाबाहेर बसत होता. त्याला निर्वासित म्हणण्यासाठी कुठली सीमा ओलांडावी लागली नव्हती. तू आज या वर्गात बसला आहेस, कारण कोणीतरी वसतिगृह बांधले, कोणीतरी हुकूम काढला, कोणीतरी संविधान लिहिले. त्या संविधान लिहिणाऱ्याला सभागृहात पाठवणाऱ्यांची नातवंडे आज दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत आहेत. हा प्रश्न आपला नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र तो वर्गाला आला तेव्हा त्याच्यासोबत बांधकामावर काम करणाऱ्या एका परप्रांतीय कुटुंबातली दोन मुले होती. त्यांना शाळेत घालायचे आहे, कागद काय लागतात, असे त्याने विचारले.

जय भीम! जय संविधान!